धावणारा चित्रतुरग : गीतचित्रफितीतील ॲनिमेशन आणि श्रोत्याचे स्वातंत्र्य

१

भरताच्या रससूत्राचे विवरण करताना श्रीशंकुकाने मांडलेला चित्रतुरगन्याय मराठी समीक्षेला सुपरिचित आहे. चित्रातील घोडा पाहताना 'हा घोडा' अशी जी प्रतीती आपल्याला येते ती सम्यक् ज्ञान नव्हे, मिथ्या ज्ञान नव्हे, संशय नव्हे आणि सादृश्याचे ज्ञानही नव्हे. या चारींहून ती विलक्षण असते, आणि नटाच्या ठायी होणारी रामाची प्रतीती याच जातीची असते, असे शंकुकाचे म्हणणे. अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त हे मत नोंदविले आणि खोडूनही काढले. त्या खंडनमंडनात येथे शिरण्याचे कारण नाही. मात्र शंकुकाच्या दृष्टान्तातील एक साधी गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. त्याचा घोडा स्थिर आहे. तो स्थिर असल्यामुळे पाहणाऱ्याला त्याच्यासमोर हवा तितका वेळ थांबता येते, मान वळविता येते आणि मुख्य म्हणजे त्याचे धावणे स्वतःच्या मनात घडवून आणता येते. हा घोडा खरोखरच धावू लागला, आणि तोही एखाद्या गाण्याच्या ठेक्यावर, तर पाहणाऱ्याच्या वाट्याला काय उरते?

गीतचित्रफितीतील ॲनिमेशनचा विचार या प्रश्नापासून सुरू करावा असे मला वाटते. गीतचित्रफीत म्हणजे एका गाण्यासाठी, त्या गाण्याएवढीच लांबी असलेली, दृश्यांची स्वतंत्र रचना. १९९०नंतरच्या दशकात उपग्रह वाहिन्यांमुळे हा प्रकार आपल्या घरांत आला, आणि आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावर तो इतका सर्वव्यापी झाला आहे की गाणे 'लावणे' आणि गाणे 'पाहणे' या दोन क्रियांमधील भेद नव्या पिढीच्या बोलण्यातून पुसट होत चालला आहे. या चित्रफितींतील ॲनिमेशनविषयी जे थोडे लिहिले जाते त्यात तंत्राचे कौतुक असते किंवा बालमनावरील परिणामांची काळजी असते. या दोहोंच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. गाण्याला हलते चित्र देणारा कलावंत ऐकणाऱ्याच्या कोणत्या अधिकारात हस्तक्षेप करीत असतो, आणि तो हस्तक्षेप केव्हा समर्थनीय ठरतो? हा प्रश्न जितका सौंदर्यशास्त्राचा तितकाच नीतीचा आहे.

यावर एक आक्षेप तत्काळ येईल. गाण्याला चित्राची जोड आपल्याकडे नवी नाही. चित्रपटगीत तर जन्मतःच चित्रासह येते. मग ॲनिमेशनबद्दलच वेगळा विचार कशासाठी? याचे उत्तर ॲनिमेशनच्या घडणीत आहे. नटनटींवर चित्रित केलेल्या गाण्यात, दिग्दर्शक कितीही काटेकोर असला तरी, त्याच्या इच्छेबाहेरचे पुष्कळ काही चौकटीत शिरते. वाऱ्याने पदर उडतो, मागच्या झाडावरून पक्षी जातो, नटीच्या चेहऱ्यावर क्षणभर थकवा दिसतो. कॅमेऱ्यासमोरचे जग दिग्दर्शकाला थोडासा विरोध करीत असते, आणि त्या विरोधातून प्रेक्षकाला स्वतःचे काही पाहण्याची फट मिळते. काढलेल्या चित्रांच्या ॲनिमेशनमध्ये अशी फट आपोआप राहत नाही. तेथे वारा हवा असेल तर तो काढावा लागतो, पक्षीही काढावा लागतो. जे कोणी काढले नाही ते तेथे असत नाही. म्हणून 'हे असे घडून गेले' ही सबब ॲनिमेशनकाराला उपलब्ध नाही. जेथे सर्वच संकल्पपूर्वक आहे तेथे जबाबदारीही सर्वांशाने आहे.

२

या जबाबदारीची दोन टोके पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. नाशिकच्या परिसरात, त्र्यंबकेश्वर येथे १८७० मध्ये जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांच्या आरंभीच्या कामातच ती दिसतात. १९१२ मध्ये लंडनहून परतल्यावर भांडवल उभे करण्यासाठी त्यांनी एक लहानशी फीत तयार केली. कुंडीत वाटाणे पेरून, समोर कॅमेरा ठेवून, महिन्याहून अधिक काळ दररोज एक चौकट याप्रमाणे त्यांनी चित्रण केले. बी रुजते, अंकुर फुटतो, वेल वर चढतो, हे सारे अल्पावधीत दाखविणारी ती फीत म्हणजे 'अंकुराची वाढ'. ती पाहून काहींनी त्यांना कर्ज देऊ केले, आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. त्यानंतर फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकला हलविला. याच दशकात त्यांनी 'आगकाड्यांची मौज' ही फीतही केली. तिच्यात आगकाड्या आपल्या आपण हालचाल करून आकृती घडवितात असे दिसते. एकेका चौकटीमागे काड्या किंचित सरकवायच्या आणि पुन्हा चित्र घ्यायचे, अशी ती रीत.

तांत्रिकदृष्ट्या या दोन्ही फिती एकाच तत्त्वावर उभ्या आहेत, कारण दोहोंत गती ही चौकटींच्या दरम्यान, कॅमेरा बंद असताना घडते. तरीही त्यांतील भेद मूलगामी आहे. वाटाण्याच्या फितीतील प्राण वाटाण्याचा स्वतःचा आहे. फाळक्यांनी फक्त मधला काळ गाळला आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारी गती दृश्य केली. आगकाड्यांना मात्र स्वतःचा प्राण नाही. तो फाळक्यांच्या बोटांनी दिलेला आहे आणि ती बोटे चौकटीतून अदृश्य झालेली आहेत. पहिल्या प्रकारात कलावंत जगाचा साक्षी आहे, दुसऱ्यात तो विधाता आहे. काही काळ जादूचे प्रयोग करून 'केल्फा' असे आपलेच नाव उलटे लावणाऱ्या फाळक्यांना हा भेद ठाऊक नव्हता असे मानणे कठीण आहे. जादूगार हात लपवितो, परंतु तो हात लपवीत आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते. 'मौज' या शब्दात हा उभयपक्षी करार अनुस्यूत आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. या फिती मूक होत्या. मूकपटाच्या खेळात वाजणारे संगीत पडद्यासमोर बसलेले वादक वाजवीत. ते प्रत्येक गावी आणि प्रत्येक खेळाला थोडे निराळे असे. चित्र आणि सूर शेजारी बसले होते, पण एकमेकांना शिवलेले नव्हते. १९३१ मध्ये बोलपट आला आणि ही शिवण पडली. १९३४ मध्ये पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत रघुनाथ केळकरांनी 'जंबू काका' हा ॲनिमेशनपट केला तो या नव्या काळात. बोलपटाच्या फितीवर सेकंदाला २४ चौकटी धावतात आणि ध्वनीही त्याच फितीवर उमटलेला असतो. त्यामुळे गाण्यातील एखादे अक्षर कितव्या चौकटीवर सुरू होते आणि कितव्या चौकटीवर संपते हे मोजता येते. नटाचे पाऊल त्या चौकटीवर अचूक पडेलच असे नाही. काढलेले पाऊल मात्र हटकून तेथे पाडता येते. सूर आणि रेषा यांच्यात तसूभरही अंतर न ठेवण्याची ही शक्यता ॲनिमेशनच्या हाती आली, आणि येथेच प्रस्तुत प्रश्न खऱ्या अर्थाने उपस्थित झाला.

३

अशा काटेकोर जुळणीचे मूल्य काय, हे ठरविण्यासाठी मर्ढेकरांची परिभाषा उपयोगी पडते. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये त्यांनी सौंदर्याच्या मुळाशी लय असते असे सांगून संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तीन तत्त्वे मानली. मर्ढेकरांना ती एकाच माध्यमातील संवेदनांच्या संदर्भात प्रामुख्याने अभिप्रेत होती, आणि माध्यमांच्या मिश्रणाविषयी ते साशंक असत. तरीही दोन माध्यमांतील नात्याला त्यांची त्रयी लावून पाहिली तर एक गोष्ट स्पष्ट होते. सूर वर चढला की चेंडू वर उडतो, ढोल वाजला की हत्तीचे पाऊल पडते, 'मोर' शब्द आला की मोर येतो, ही केवळ संवादाची रचना आहे. तिच्यात विरोध नाही, आणि विरोध नसल्यामुळे समतोलाचा प्रश्नही उद्भवत नाही. दोन माध्यमे एकच गोष्ट दोनदा सांगत राहतात. आज मराठी बालगीतांच्या म्हणून संगणकावर घाऊक प्रमाणात तयार होणाऱ्या चित्रफिती बहुधा या जातीच्या असतात. त्यांचा दोष भडक रंगांत शोधला जातो, पण तो खरा दोष नव्हे. शब्द, सूर आणि चित्र यांच्यात मुलाने शिरावे असे अंतरच त्यांत ठेवलेले नसते.

हे अंतर म्हणजे काय, ते चित्रकथीच्या परंपरेत अगदी स्वच्छ दिसते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी येथे ठाकर समाजाने ही कला जतन केली. एका आख्यानाच्या चित्रांचा संच म्हणजे पोथी. कथेकरी एकेक चित्र समोर धरतो आणि वीणा, हुडुक, टाळ यांच्या साथीने आख्यान गातो. येथे चित्र स्थिर आहे आणि गाणे चल आहे. घोडा चित्रात उभा आहे, पण रण गाण्यात माजलेले आहे. दोहोंतील विसंगती दूर करण्याचे काम ऐकणाऱ्यावर सोपविलेले आहे. चित्रतुरगाला तोच धावायला लावतो. शिवाय कथेकरी आज एका चित्रावर थोडा अधिक रेंगाळतो, उद्या दुसऱ्यावर. म्हणजे चित्र तेच राहूनही त्याचा गाण्याशी असलेला संबंध दर वेळी नवा असतो. चित्रकथीला गीतचित्रफितीची पूर्वज म्हणण्याचा मोह होतो. तो आवरून असे म्हणता येईल की गीतचित्रफितीने जे गमावण्याचा धोका पत्करला ते चित्रकथीत अजून शाबूत आहे.

तथापि ॲनिमेशनमध्ये विरोधलय अशक्य आहे असा निष्कर्ष यातून काढता येणार नाही. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळात नॉर्मन मॅक्लारेन आणि एव्हलिन लॅम्बार्ट यांनी १९४९ मध्ये ऑस्कर पीटरसन यांच्या जॅझ वादनावर 'बिगॉन डल केअर' हा लघुपट केला. त्यात कॅमेरा न वापरता थेट फितीवर रंग आणि ओरखडे आहेत. सुराला तेथे आकार मिळतो, पण तो आकार कशाचा हे सांगितले जात नाही. १९८५ मध्ये नॉर्वेच्या 'आ-हा' या वाद्यवृंदाच्या 'टेक ऑन मी' या गाण्यासाठी स्टीव्ह बॅरन यांनी केलेल्या चित्रफितीत चित्रित माणसांवरून पेन्सिलीने रेखाटने काढलेली आहेत. रेषा प्रत्येक चौकटीत थोडी थरथरते. 'हे हाताने काढलेले आहे' याची आठवण ती थरथर सतत देत राहते. पुढच्याच वर्षी आलेल्या पीटर गेब्रिएल यांच्या 'स्लेजहॅमर'मध्ये तर जिवंत गायकालाच आगकाडीप्रमाणे चौकटीचौकटीने सरकविले आहे. या तिन्ही उदाहरणांत चित्र गाण्याला चिकटून असूनही त्याचा अर्थ बंद करीत नाही. पहिल्यात ते निराकार राहते. उरलेल्या दोहोंत ते आपली घडण लपवीत नाही. फाळक्यांच्या 'मौजे'तील करार येथे पाळला गेला आहे.

४

येथवर विचार प्रामुख्याने रूपाचा झाला. ॲनिमेशन जेव्हा उपदेशाचे वाहन होते तेव्हा तोच विचार अधिक बिकट होतो. यासाठी 'एक अनेक और एकता' या १९७४च्या लघुपटाचे उदाहरण घेतो. तो हिंदीत आहे, पण त्याच्याशी मराठी माणसांचा संबंध निकटचा आहे. त्याच्या दिग्दर्शिका विजया मुळे. भारतातील चित्रपटसंस्थांच्या चळवळीत आणि पुढे शैक्षणिक चित्रपटांच्या क्षेत्रात त्यांनी मोलाचे काम केले. संगीत कुडाळ परिसरातल्याच सोनवड्याच्या वसंत देसाई यांचे. त्यातील गीत गाणारी बालिका म्हणजे पुढे पार्श्वगायिका म्हणून प्रसिद्धी पावलेल्या साधना सरगम. ॲनिमेशन भीमसैन यांचे, आणि निर्मिती फिल्म्स डिव्हिजनची. याच संस्थेत १९५६ मध्ये डिस्ने संस्थेतील क्लेअर वीक्स यांच्या मार्गदर्शनाखाली कार्टून विभागातील चित्रकार तयार झाले होते. दूरदर्शनने हा सुमारे सात मिनिटांचा लघुपट पुढे वर्षानुवर्षे दाखविला. आज पन्नाशीच्या आसपास असलेल्या कितीतरी मराठी माणसांच्या मनात एकतेची कल्पना त्या चालीसह वसलेली आहे. गीतचित्रफीत हा शब्द आपल्याकडे रूढ होण्याच्या कितीतरी आधीची, सर्वाधिक प्रभावी अशी ती ॲनिमेशन-गीतरचना होय.

या लघुपटातील कथा पंचतंत्रातून आली आहे. पारध्याच्या जाळ्यात सापडलेले पक्षी एकजुटीने जाळ्यासकट उडतात आणि मित्र असलेले उंदीर जाळे कुरतडून त्यांना मुक्त करतात. मूळ कथेत चित्रग्रीव हा कबुतरांचा राजा आहे. हिरण्यक उंदीर प्रथम त्याचे पाश तोडू पाहतो तेव्हा तो अडवितो आणि आधी आपल्या अनुयायांचे पाश तोडावयास सांगतो. कथेचा नैतिक गाभा माझ्या मते तेथे आहे. एकजूट करावयास सांगणाऱ्याने स्वतः शेवटी सुटावयाचे असते, हे तो प्रसंग सांगतो. लघुपटात हा प्रसंग गळाला आहे. एकीचे बळ राहिले, नेत्याचे उत्तरदायित्व गेले. राज्यसंस्थेच्या एका विभागाने, १९७५च्या आणीबाणीपूर्वी वर्षभर, मुलांसाठी केलेल्या कलाकृतीतून नेमके हे गळावे ही गोष्ट केवळ वेळेच्या मर्यादेने समजावून सांगता येईल असे मला वाटत नाही. कोणाचा हेतू वाईट होता असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु जेथे काढलेल्या प्रत्येक रेषेची जबाबदारी घ्यावी लागते तेथे न काढलेल्या प्रसंगाचीही घ्यावी लागते.

दुसरा मुद्दा माध्यमाच्या अर्थशास्त्राचा आहे. सेल्युलॉइडच्या पारदर्शक पत्र्यांवर चित्रे काढण्याच्या त्या काळच्या पद्धतीत श्रम वाचविण्याचे नित्याचे साधन म्हणजे पुनरावृत्तीचे चक्र. एका पक्ष्याचे पंख हलण्याची काही चित्रे एकदा काढली की तीच पुन्हापुन्हा वापरून थवा उभा करता येतो. प्रत्येक पक्षी वेगळा उडावा असे वाटत असेल तर प्रत्येक वेगळेपणासाठी वेगळे श्रम पडतात. म्हणजे या माध्यमात एकसारखेपण स्वस्त आहे आणि विविधता महाग आहे. 'अनेक' दाखविण्याचा सर्वांत सोपा मार्ग 'एक' अनेकदा दाखविणे हाच असतो. एकतेविषयीच्या कोणत्याही ॲनिमेशनपटाला हा मोह असतो, आणि एकता व एकसारखेपणा यांतील फरक शिकविणाऱ्या कलाकृतीला तो ओळखून त्याच्याविरुद्ध श्रम करावे लागतात. संगणकाने हे चक्र आणखी सोपे केले आहे. आजच्या चित्रफितींतील नाचणाऱ्या मुलांच्या रांगा पाहिल्या म्हणजे त्या सोपेपणाची किंमत लक्षात येते.

असे असूनही हा लघुपट मला मोलाचा वाटतो, आणि त्याची कारणे उपदेशात नसून रचनेत आहेत. त्यातील शिकवण प्रश्नोत्तरांतून येते. मुले विचारतात, ताई सांगते, मुले पुन्हा विचारतात. सूर्य, चंद्र आणि तारे यांच्याद्वारे एक-अनेक हा भेद संख्येचा आहे असे आधी समजते आणि नात्याचा आहे असे नंतर कळते. गीत मोठ्या माणसाच्या भरदार आवाजात नाही, एका मुलीच्या आवाजात आहे. शाळकरी मुलांच्या समूहगायनासाठी झटलेल्या वसंत देसाईंची चाल कोणाही मुलाला पडद्याशिवाय, शाळेच्या पटांगणात गाता येईल अशी आहे. प्रत्यक्षात घडलेही तसेच. ज्यांनी तो लघुपट बालपणी पाहिला त्यांना रेषा अंधुक आठवतात, गाणे पूर्ण आठवते. चित्र आले, त्याने आपले काम केले आणि ते बाजूला झाले. गाणे मुलांजवळ राहिले.

५

'चित्र बाजूला झाले' या वस्तुस्थितीत मला या प्रश्नाच्या उत्तराची दिशा दिसते. ॲनिमेशन या शब्दाच्या मुळाशी प्राणवाचक लॅटिन शब्द आहे. आपल्या परंपरेत निर्जीवाला प्राण देण्याच्या कृतीचे दोन ठसठशीत नमुने आहेत. एक आख्यायिकेतला, ज्ञानदेवांनी चालविलेल्या भिंतीचा. ती भिंत करमणुकीसाठी चालली नाही. वाघावर बसून येणाऱ्या चांगदेवाच्या सिद्धीचा गर्व उतरावा म्हणून चालली, आणि काम होताच पुन्हा भिंत झाली. दुसरा आचारातला, पार्थिव गणपतीचा. मातीच्या मूर्तीत प्राणप्रतिष्ठा होते, आणि ज्याने ती केली त्यानेच उत्तरपूजा करून विसर्जनही करावयाचे असते. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी या आचारामागील विवेक लक्षणीय आहे. प्राण देण्याचा अधिकार तो परत घेण्याच्या कर्तव्यासह येतो. मूर्ती कायमची उरली तर ती घराचा ताबा घेईल, हे त्या विवेकाला ठाऊक आहे.

गीतचित्रफितीतील ॲनिमेशनलाही मी हीच कसोटी लावीन. चित्र संपल्यावर गाणे ऐकणाऱ्याला परत मिळते काय? मिळत असेल तर त्या चित्राने गाण्यात एक वाट दाखविली. मिळत नसेल, म्हणजे ते गाणे पुन्हा ऐकताना तेच चित्र, त्याच क्रमाने, अपरिहार्यपणे डोळ्यांसमोर येत असेल आणि दुसरे काही येऊच शकत नसेल, तर त्या चित्राने गाण्याचा ताबा घेतला.

या कसोटीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की चित्रापूर्वीची श्रोत्याची कल्पना तरी स्वतंत्र कोठे असते? भूपाळी ऐकताना मनात येणारा देव आपण दिनदर्शिकेवर पाहिलेला असतो. त्या छापील देवांना राजा रविवर्म्यांच्या तैलचित्रांनी वळण दिले, आणि रविवर्म्यांच्या मुद्रणालयासाठी तरुणपणी काम करणारे फाळकेच पुढे तो देव पडद्यावर हलवीत होते. तेव्हा चित्रफीत स्वातंत्र्य हिरावून घेत नाही, ती एका उसन्या चित्राच्या जागी दुसरे उसने चित्र ठेवते. हा आक्षेप बराचसा खरा आहे. पण त्यातून निघते ते इतकेच की कल्पनास्वातंत्र्य म्हणजे चित्रांचा अभाव नव्हे. उसने चित्र बदलण्याची, त्यात भर घालण्याची, प्रसंगी ते नाकारण्याची मुभा म्हणजे स्वातंत्र्य. दिनदर्शिकेवरचा देव स्थिर आहे, तो गाण्याच्या लयीशी शिवलेला नाही. म्हणून गाणे ऐकताना त्याला बाजूस सारणे शक्य असते. ठेक्याठेक्याला बांधलेल्या चित्राबाबत ती शक्यता फार उणावते.

दुसरा आक्षेप करुणेच्या बाजूने येतो. ज्यांना ऐकू येत नाही, ज्यांना भाषा परकी आहे, जे वयाने फार लहान आहेत, त्यांच्यासाठी चित्र ही गाण्याची एकमेव वाट असू शकते. त्यांच्या हातून ती वाट काढून घेणारे सौंदर्यशास्त्र निष्ठुर ठरेल. हे मान्यच केले पाहिजे. येथे प्रतिपादन चित्र नसावे असे नाही. उलट, ज्यांना पर्याय कमी आहेत त्यांच्याबाबत चित्रकाराची जबाबदारी अधिक वाढते. ज्या मुलाला 'एकता' ही कल्पना प्रथमच चित्रातून भेटणार आहे त्याला ती एकसारख्या पक्ष्यांच्या रूपात भेटते की वेगवेगळ्या पक्ष्यांच्या, याला फार महत्त्व आहे.

६

या साऱ्या विवेचनाचे एक गृहीतक असे होते की ॲनिमेशनमध्ये जे असते ते कोणीतरी संकल्पपूर्वक ठेवलेले असते. गेल्या काही वर्षांत तेच डळमळीत झाले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आज्ञावलींकडून केवळ शब्दांतील वर्णनावरून हलती चित्रे मिळतात. जुन्या गाण्यांना अशी चित्रे जोडली जातात, दिवंगत गायकांची छायाचित्रे ओठ हलवू लागतात. येथे मधल्या चौकटी कोणीच काढलेल्या नसतात. मागणारा म्हणतो की मी फक्त सुचविले. यंत्राला जबाबदारी नाही. 'घडून गेले' ही जी सबब ॲनिमेशनकाराला कधीच उपलब्ध नव्हती ती आता आयती हाती आली आहे. तिच्यासोबत छायाचित्रणातील जगाचा तो हितकारक विरोध मात्र आलेला नाही, कारण या चित्रांमागे खरा वारा नाही आणि खरा पक्षीही नाही.

आवाजाच्या बाबतीत कायद्याने या प्रश्नाची दखल घेण्यास प्रारंभ केला आहे. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची व व्यक्तिमत्त्वाची विनापरवाना कृत्रिम नक्कल रोखणारा अंतरिम आदेश दिला. पण कायदा गायकाच्या हक्काचे रक्षण करील. श्रोत्याच्या मनातील रिकाम्या जागेचे रक्षण करण्यासाठी कोणी न्यायालयात जाऊ शकत नाही. ते काम कलावंताच्या विवेकाचे आणि त्या विवेकाला भाषा पुरविणाऱ्या समीक्षेचे आहे. मराठी समीक्षेने चित्रपटगीताच्या शब्दांकडे आणि चालींकडे थोडेफार लक्ष दिले, त्याच्या दृश्याकडे फार कमी, आणि ॲनिमेशनकडे जवळजवळ नाहीच. पोरखेळ म्हणून आपण जे सोडून दिले तेथेच आज पुढच्या पिढीचे मराठीशी पहिले नाते जुळत आहे. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील मुलांना तर ही बालगीतांची भाषा पुष्कळदा पडद्यावरच्या हलत्या चित्रांतूनच भेटते. त्या चित्रांची समीक्षा बालमानसशास्त्रावर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

शंकुकाने स्थिर घोड्याबद्दल जे म्हटले ते धावणाऱ्या घोड्याबद्दल म्हणता येईल काय? मला वाटते, सशर्त म्हणता येईल. तो घोडा काढलेला आहे याचे भान रेषेने राखले, सुराच्या प्रत्येक मात्रेवर त्याचे पाऊल पाडण्याचा हट्ट चित्रकाराने सोडला आणि गाणे संपल्यावर त्याला निघून जाऊ दिले, तर ती प्रतीती अजूनही सत्य, मिथ्या, संशय आणि सादृश्य यांच्या पलीकडची राहील. या अटी पाळल्या नाहीत तर घोडा धावत राहील, पण त्याच्यावर बसलेला श्रोता केवळ वाहून नेला जाईल. आगकाड्यांना प्राण देणाऱ्या फाळक्यांनी त्याआधी महिनाभर एका वाटाण्याच्या अंकुराकडे दररोज एकेक चौकट पाहिले होते, ही गोष्ट म्हणून मला केवळ चरित्रातला तपशील वाटत नाही. दुसऱ्याला प्राण देऊ पाहणाऱ्याने जे आपल्या आपण वाढते त्याच्यासमोर आधी थांबावयास शिकावे लागते. गाणे ऐकणाऱ्याचे मन हेही असे आपल्या आपण वाढणारे आहे.